अर्थिंग वेगळे नको, एकच हवे: अलार्म आणि टेलिकॉम यंत्रणा बसवणाऱ्यांना खुले पत्र

अलार्म, टेलिफोन, इंटरकॉम, कॅमेरे आणि नेटवर्क यांची कामे घेणारे कंत्राटदार, ती प्रत्यक्ष करणारे तंत्रज्ञ आणि या कामांच्या निविदा लिहिणारे सल्लागार यांस,

स.न.वि.वि.

विजांचा कडकडाट होऊन गेला की दुसऱ्या दिवशीच्या तक्रारी ठरलेल्या असतात. अलार्म पॅनल चालू आहे, पण कीपॅड बंद. टेलिफोन एक्स्चेंजमधले एकच लाइन कार्ड गेले, शेजारची कार्डे ठणठणीत. चोवीस पोर्टच्या स्विचमधले फाटकाकडे जाणारे दोन पोर्ट उडाले, बाकी बावीस चालू. मग अहवालात "वीज पडल्याने नुकसान" असे लिहून फाइल बंद होते. बहुतेक वेळा वीज इमारतीवर पडलेलीच नसते. ती शे-दोनशे मीटरवर कुठेतरी पडलेली असते आणि आत जे जळते ते एकाच यंत्रात दोन वेगळ्या तारांवरून दोन वेगळी व्होल्टेज येऊन भिडल्यामुळे. त्या तारा आपणच ओढलेल्या असतात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आमची मागणी सरळ आहे. अलार्म किंवा टेलिकॉम यंत्रणेसाठी स्वतंत्र "इलेक्ट्रॉनिक अर्थ" ठोकायचा आणि तो इमारतीच्या अर्थिंगपासून तोडून ठेवायचा, ही पद्धत थांबवा. असा रॉड आधीच असेल तर काढू नका. तो मुख्य अर्थ पट्टीला (जिथे इमारतीच्या सगळ्या अर्थ तारा एकत्र येतात) किमान १६ चौ. मि.मी. तांब्याच्या तारेने जोडून टाका. निविदेत "स्वतंत्र अर्थ पिट" असे शब्द असतील तर त्यापुढे "इमारतीच्या मुख्य अर्थ पट्टीशी जोडलेला" एवढे लिहा.

कारण साध्या गुणाकारात आहे. समजा, अलार्म पॅनलचा वीजपुरवठा तीन पिनच्या प्लगमधून येतो, म्हणजे पॅनलची पेटी इमारतीच्या अर्थवर आहे. टेलिफोन लाइनवर चांगल्या प्रतीचा सर्ज प्रोटेक्टर (तारेवरून अचानक येणारा विजेचा लोंढा, म्हणजे सर्ज, अर्थकडे वळवणारे साधन) आहे, पण त्याची अर्थ वायर बाहेरच्या वेगळ्या रॉडला गेली आहे. त्या रॉडचा रोध १० ओहम आहे, जो अनेक ठिकाणी उत्तम मानला जाईल. लाइनवरून फक्त १ किलोअँपिअरचा सर्ज आला, प्रोटेक्टरने तो चोख रॉडकडे वळवला, आणि तेवढ्याने रॉड, प्रोटेक्टर आणि त्याला जोडलेली लाइन इमारतीच्या अर्थपेक्षा १०,००० व्होल्टने वर गेली. हे दहा हजार व्होल्ट पॅनलमध्ये टेलिफोनचा पोर्ट आणि पॉवर सप्लाय यांच्यामध्ये उभे राहतात. इथरनेट पोर्टमधला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर १,५०० व्होल्ट एसीच्या चाचणीसाठी बनवलेला असतो. अलार्मच्या साध्या झोन टर्मिनलला (सेन्सरच्या तारा जिथे जोडतात)  तेवढेही संरक्षण नसते. म्हणजे प्रोटेक्टरने काम केले, रॉडने काम केले आणि पॅनल जळाले. दोन्ही अर्थ एकाच पट्टीवर असते तर पट्टी दहा हजारने वर गेली असती खरी, पण पॅनलची पेटी, वीज आणि टेलिफोन सगळे एकत्रच वर गेले असते, आणि पॅनलच्या आत फरक उरला असता तो किरकोळ.

वेगळ्या अर्थचा आग्रह धरणाऱ्यांचा एक मुद्दा नेहमी असतो: गुणगुण आणि नॉइज. तो प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर जमिनीत नाही. गुणगुण येते ती शिल्ड (केबलवरचे धातूचे आवरण) दोन टोकांना जोडल्याने झालेल्या लूपमुळे किंवा न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी चुकून एकत्र आल्यामुळे. ते शोधून दुरुस्त करावे लागते. तोडलेला रॉड सर्जमध्ये यंत्र मारतो आणि साध्या विजेच्या दोषात माणसालाही मारू शकतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर पेटीला फेज लागला आणि परतीचा रस्ता फक्त १० ओहमच्या रॉडमधून असेल, तर जास्तीत जास्त २३ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) त्यावर पडणारच नाही. पेटी तशीच जिवंत राहील. जोडलेल्या अर्थिंगबद्दल मानकांत दुमत नाही: आकाशातल्या विजेपासून संरक्षणाचे आयईसी ६२३०५ हे आंतरराष्ट्रीय मानक आणि टेलिकॉम इमारतींमधल्या जोडणीबद्दलची आयटीयू-टी के.२७ ही शिफारस, दोन्ही एकच जोडलेले अर्थिंग धरून चालतात.

आता त्याहून जास्त दुर्लक्षित गोष्ट, तारेची लांबी. हस्तांतराच्या कागदावर "अर्थ ०.८ ओहम" लिहिलेले असते आणि सगळे समाधानी होतात. पण अर्थ टेस्टर शंभरएक हर्ट्झच्या आसपास मोजतो. विजेचा सर्ज काही मायक्रोसेकंदांत चढतो, आणि त्या वेगाला तारेचा रोध नव्हे तर तिचे इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या झटपट बदलाला तारेचा होणारा विरोध, आडवे येते. सरळ तारेचे इंडक्टन्स ढोबळमानाने मीटरला १ मायक्रोहेन्री. प्रवाह मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअरने चढत असेल तर प्रत्येक मीटरवर १,००० व्होल्ट पडतात. प्रोटेक्टरपासून अर्थ पट्टीपर्यंत १२ मीटर तार असेल तर १२,००० व्होल्ट, मग पट्टीखालचा पिट ०.८ ओहमचा असो की ०.१ चा. तार जाड केल्याने फारसे काही साधत नाही. ६ ची २५ चौ. मि.मी. केली तरी इंडक्टन्स थोडेच उतरते. चपटी पट्टी थोडी बरी. खरा उपाय तार आखूड करणे हाच. वीजपुरवठ्याच्या बाजूच्या एसपीडीसाठी (सर्ज प्रोटेक्टरचेच तांत्रिक नाव) आयईसी ६०३६४ ची शिफारस आहे की फेजकडची आणि अर्थकडची अशा दोन्ही जोडतारा मिळून शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत असाव्यात. टेलिफोन आणि अलार्मच्या प्रोटेक्टरलाही हीच शिस्त लावा. लांबच्या चांगल्या पिटाऐवजी जवळच्या पट्टीला जोडणे केव्हाही शहाणपणाचे.

म्हणून कामाची सुरुवात केबल इमारतीत कुठून शिरते इथून करा. वीज एका टोकाने, टेलिफोन दुसऱ्या टोकाने, अँटेनाची केबल गच्चीवरून आणि कॅमेऱ्यांच्या केबल खिडकीतून अशी मांडणी असेल तर नंतर कितीही महाग एसपीडी लावा, त्यांच्यामध्ये पंधरा-वीस मीटर तार राहणारच. नव्या इमारतीत सगळ्या केबल एकाच बाजूने, मुख्य स्विचबोर्डाजवळून आत घ्या आणि तिथेच तांब्याची एक अर्थ पट्टी बसवा. ती मुख्य अर्थ टर्मिनलला १६ चौ. मि.मी. तांब्याने आखूड मार्गाने जोडा. सिग्नलचे प्रोटेक्टर, केबलची आरमर (धातूचे चिलखत), रॅक आणि पॅनलची पेटी यांच्या जोडण्या किमान ६ चौ. मि.मी. ने याच पट्टीवर आणा, प्रत्येकीला स्वतंत्र बोल्ट. जुन्या इमारतीत केबल हलवता येत नसतील तर यंत्राशेजारीच एक स्थानिक पट्टी लावा, त्या एका यंत्राला येणारी वीज आणि सिग्नल दोन्हींचे प्रोटेक्टर तिच्यावर बसवा आणि ती पट्टी मुख्य अर्थला जोडा. मधली तार लांब असली तरी यंत्राच्या सगळ्या वाटा एकाच पातळीवर येतात, आणि महत्त्व त्यालाच आहे.

प्रोटेक्टर निवडताना नुसते "सर्ज प्रोटेक्टर" असे लिहून चालत नाही. आत काय आहे ते कळले पाहिजे. गॅस ट्यूब (वायू भरलेली नळी, व्होल्टेज चढले की पेटून वाहू लागणारी) मोठा प्रवाह सोसते, पण उशिरा पेटते: ९० व्होल्टची म्हणून मिळणारी ट्यूब झपाट्याने चढणाऱ्या सर्जवर पाचशे व्होल्टच्या आसपास गेल्यावरच वाहू लागते. तोवर १२ व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. टीव्हीएस डायोड (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर वाहू लागणारा सेमीकंडक्टर) क्षणात धरतो, पण मोठा प्रवाह त्याला झेपत नाही. म्हणून चांगल्या सिग्नल प्रोटेक्टरमध्ये पुढे गॅस ट्यूब, मध्ये काही ओहमचा रोध आणि मागे डायोड अशी साखळी असते. डायोडने धरल्यावर रोधावर व्होल्टेज साचते आणि त्याने ट्यूब पेटते. असा प्रोटेक्टर उलटा जोडला, म्हणजे "लाइन" आणि "संरक्षित" या बाजू अदलाबदल झाल्या, तर पहिला फटका डायोड खातो आणि मरतो. ही चूक सर्रास दिसते, कारण उलट जोडूनही लाइन व्यवस्थित चालते.

तो मधला रोध लक्षात ठेवा. अलार्मच्या झोन लूपमध्ये शेवटी दोन-पाच किलोओहमचा रेझिस्टर असतो, तिथे आणखी दहा ओहमने काही बिघडत नाही. पण हाच प्रोटेक्टर हूटरच्या तारेवर लावला आणि प्रत्येक तारेत ५ ओहम धरले, तर अर्ध्या अँपिअरला ५ व्होल्ट वाटेतच संपतात. १२ व्होल्टच्या हूटरला सातच मिळतात. तो कुजबुजतो किंवा गप्प राहतो. हूटर आणि कीपॅडच्या पुरवठ्यासाठी त्या प्रवाहाला योग्य, मालिकेत रोध नसलेला डीसी प्रोटेक्टर घ्या.

व्होल्टेजही लाइनप्रमाणे. १२ व्होल्टच्या पुरवठ्याला चार्जिंगचे १३.८ व्होल्ट धरून १५ ते १८ व्होल्टचा प्रोटेक्टर. टेलिफोनच्या जोडीवर ४८ व्होल्ट डीसीच्या वर रिंगचे ७५ ते ९० व्होल्ट एसी चढते. त्याचे शिखर धरले की पावणेदोनशे व्होल्ट सहज होतात. तिथे ६० व्होल्टचा प्रोटेक्टर लावला तर प्रत्येक रिंगला तो वाहू लागतो आणि फोन वाजण्याआधीच लाइन तुटते. ब्रॉडबँड असलेल्या लाइनवर कमी कपॅसिटन्सचाच प्रोटेक्टर हवा, साधा व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढले की रोध घटणारा घटक) वेग खाली ओढतो. आरएस-४८५ या यंत्रांमधल्या डेटा जोडणीच्या चिपची सहनशक्ती उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट इतकीच असते, तिथे टेलिफोनचा प्रोटेक्टर म्हणजे काहीच नाही. पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या, कॅमेऱ्यांच्या पोर्टसाठी ५७ व्होल्टपर्यंत चालणारा, आठही तारांचा. आणि ४८ व्होल्टच्या बॅटरी फीडवर, जिथे मागे मोठा प्रवाह उभा आहे, प्लस-मायनसमध्ये नुसती गॅस ट्यूब कधीही टाकू नका. पेटलेली ट्यूब वीसेक व्होल्टवर जळत राहू शकते. बॅटरी तिला विझू देत नाही आणि प्रोटेक्टरच आगीचे कारण होतो.

फायर अलार्मबद्दल थोडे वेगळे. अनेक फायर पॅनल आपल्या लूपची कोणतीही तार जमिनीला लागली आहे का, हे सतत तपासत असतात. तिथे मायनस अर्थला जोडला की लगेच "अर्थ फॉल्ट" येतो. अशा लूपवर प्रोटेक्टर घेताना तारा आणि अर्थ यांच्यामध्ये गॅस ट्यूब असलेला घ्या, म्हणजे एरवी गळती शून्य राहते. अर्थकडे व्हॅरिस्टर असलेला घेतला तर तो म्हातारा झाल्यावर गळू लागतो आणि दोन-तीन वर्षांनी अधूनमधून येणाऱ्या फॉल्टचा शोध घेत माणसे लूप तुकड्या-तुकड्याने सोडवत बसतात. टेलिकॉमच्या उणे ४८ व्होल्ट यंत्रणेत मात्र प्लस मुद्दाम अर्थ केलेला असतो, तांब्याच्या तारा झिजू नयेत म्हणून. तो एकाच जागी अर्थ करायचा. बाकी कोणत्याही पॅनलमध्ये डीसीचा मायनस अर्थला जोडायचा की नाही हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय ठरवू नका.

प्रोटेक्टर बसवल्यावर तारा कशा बांधता तेही पाहा. येणारी असंरक्षित केबल आणि जाणारी संरक्षित केबल एकाच ट्रेमध्ये टायने घट्ट बांधली की सर्ज प्रोटेक्टरला वळसा घालून बाजूच्या तारेत उतरतो. दोन्ही बाजू वेगळ्या दिशांना न्या, ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडा. अर्थ वायर संरक्षित बाजूच्या केबलबरोबर बांधू नका.

इमारतीच्या आतल्या लूपलाही कमी लेखू नका. कीपॅडची सिग्नल केबल एका भिंतीने आणि तिथल्या अ‍ॅडॅप्टरची वीज दुसऱ्या भिंतीने आली की मध्ये मोठी चौकट तयार होते. ती १० मीटर बाय ५ मीटर असेल, वीज १०० मीटरवर पडली आणि तिचा प्रवाह मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने चढला, तर त्या चौकटीत सुमारे १,००० व्होल्ट उठतात. एकामागून एक येणाऱ्या पुढच्या झटक्यांत चढण याच्या दहापट तीव्रही असते. कोणतीही तार बाहेर गेलेली नसताना कीपॅड जातो तो असा. सिग्नल आणि वीज एकाच मार्गाने, नियमाने सांगितलेले अंतर राखून, शेजारी-शेजारी न्या. त्याला काही खर्च येत नाही.

दोन इमारतींमध्ये, फाटकापर्यंत किंवा खांबावरच्या कॅमेऱ्यापर्यंत शक्य तिथे तांबे टाकूच नका. धातूविरहित फायबर टाका. फायबरला पोलादी आरमर किंवा ओढतार असेल तर ती इमारतीत शिरतानाच अर्थ करा, नाहीतर फायबर टाकूनही तांब्याचाच प्रश्न उरतो. केबल जमिनीखालून गेली म्हणून सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. वीज पडल्यावर जमिनीचीच पातळी वर जाते आणि केबल दूरच्या टोकाची पातळी घेऊन मध्ये उभी असते. तांबे अटळ असेल तर प्रोटेक्टर दोन्ही टोकांना हवा आणि चरात केबलच्या वर ५० चौ. मि.मी. ची उघडी तांब्याची तार टाकून ती दोन्हीकडच्या अर्थला जोडावी, म्हणजे प्रवाहाचा मोठा वाटा ती उचलते. खांबाशेजारी रॉड ठोकताना अपेक्षा वास्तव ठेवा: १०० ओहम-मीटरच्या मातीत ३ मीटरचा १६ मि.मी. रॉड सुमारे ३३ ओहम देतो. दुसरा रॉड ठोकायचा तर निदान एका रॉडच्या लांबीइतका, जमल्यास दुप्पट दूर; तरी रोध अर्ध्याहून थोडा जास्तच राहतो. खांबावर आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की खांब, कॅमेऱ्याची पेटी आणि प्रोटेक्टर यांची एकमेकांशी जोडणी हातभर तारेत झालेली असावी.

शिल्डचे उत्तर दोन ओळींत. सर्जसाठी शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ हवी. गुणगुण येत असेल तर एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला गॅस ट्यूबमधून जोडा.

आता एकदा पॅनलचा दरवाजा उघडून नीट पाहा. हिरवी तार पेटीला लावलेल्या स्क्रूखाली रंग तसाच आहे का? रंगावर बसलेला लग म्हणजे जोडणी नव्हे. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, क्रिम्प केलेला लग आवळायचा. तार गरजेपेक्षा लांब निघाली म्हणून तिची गुंडाळी करून तळाला टायने बांधली आहे का? ती गुंडाळी म्हणजे तुम्ही स्वतः बसवलेली कॉइल, सर्जला अडवणारी. कापून आखूड करा. दरवाजाला स्वतःची जोडतार आहे का? पुढे ही तार पेटीबाहेर गेल्यावर लोखंडी पाइपातून जाते का? एकटी अर्थ वायर लोखंडी पाइपातून नेली आणि पाइप दोन्ही टोकांना तिला जोडला नाही, तर पाइप चोकसारखा वागतो. पीव्हीसी वापरा किंवा दोन्ही टोके जोडा. काटकोनात मोडलेली वळणे गोलसर करा. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम थेट एकत्र आवळले असतील तर मध्ये बायमेटल लग घाला. आणि ही तार शेवटी पाण्याच्या नळाला बांधलेली आढळली तर ती तिथून काढा. पुढे कुठेतरी प्लास्टिकचा पाइप आला की तो अर्थ फक्त नावाला राहतो. गॅसच्या पाइपाचा अर्थ म्हणून वापर तर कधीच नाही.

तपासणी वर्षातून एकदा, वादळांचा हंगाम सुरू होण्याआधी. पिटचा रोध तीन खुंट्यांच्या पद्धतीने मोजा, मधली खुंटी दूरच्या खुंटीच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठेवून आणि ती पुढे-मागे हलवून आकडा स्थिर राहतो का ते पाहून. क्लॅम्प मीटर तिथेच वापरा जिथे प्रवाहाला परत येण्याची दुसरी वाट आहे. एकट्या, न जोडलेल्या रॉडवर त्याचा आकडा निरर्थक असतो. त्यापेक्षा जास्त वेळ जोडण्यांना द्या: मुख्य पट्टीपासून प्रत्येक पेटी, रॅक आणि प्रोटेक्टरपर्यंतचा रोध ओहमच्या एका दशांशाच्या आसपास असावा. विजेच्या एसपीडीची खिडकी लाल झाली असेल तर मॉड्यूल बदला. सिग्नलच्या प्रोटेक्टरला बहुधा खिडकी नसते. संरक्षण संपल्यावरही लाइन चालूच राहते. म्हणून ते प्लग काढता येतील असे घ्या, टेस्टरवर तपासा किंवा मोठ्या घटनेनंतर सरळ बदला, आणि जागेवर सुटे ठेवा.

निविदा लिहिणाऱ्यांना विनंती की "योग्य अर्थिंग करावे" हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी मागा: प्रत्येक प्रोटेक्टरचे कार्यकारी व्होल्टेज, त्याच्या तारेत असलेला रोध, ८/२० मायक्रोसेकंद लहरीवरची (८ मध्ये चढणाऱ्या, २० मध्ये निम्म्यावर येणाऱ्या चाचणी सर्जवरची) प्रवाहक्षमता आणि आयईसी ६१६४३-२१ नुसार वर्ग, प्रोटेक्टरपासून पट्टीपर्यंत तारेची लांबी मीटरमध्ये, इमारतीत शिरणाऱ्या प्रत्येक केबलचे ठिकाण दाखवणारा नकाशा, सगळे अर्थ एकत्र जोडलेल्या पट्टीचा उघडा फोटो. लांबीचा रकाना कागदावर आला की ती तार आपोआप आखूड होऊ लागेल.

जागेवर काम करणाऱ्यांना आणखी एक. आभाळ गडगडत असताना बाहेरून आलेल्या केबलला, पिटाला किंवा पट्टीला हात लावू नका. आणि एरवीही पट्टीवरची अर्थ वायर सोडवायची झाली तर आधी तिला जोडलेल्या लाइन आणि पुरवठा सोडवा, अर्थ सर्वात शेवटी. परत जोडताना अर्थ सर्वात आधी.

आपले स्नेहांकित,
याच कामातले तुमचे सहकारी